पिना चाळीस, वीज किती?

शाळेसाठी घेतलेल्या उपकरणाचे परीक्षण करताना आपण त्याची किंमत पाहतो, टिकाऊपणा पाहतो आणि त्यावर किती प्रयोग होतील हे पाहतो. त्या उपकरणाला हात लावायला शिक्षक धजावेल का, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. अटल टिंकरिंग लॅब ही योजना २०१६ साली सुरू झाली आणि आर्डुइनो, रास्पबेरी पाय ही नावे हजारो शाळांपर्यंत पोचली. यांपैकी रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा, एकाच बोर्डावर बसवलेला पूर्ण संगणक आहे. पडदा, कळफलक, माऊस या गोष्टी शाळेच्या संगणक कक्षात आधीपासूनच असतात. तिथे जे नसते ते या बोर्डाच्या कडेला असते: दोन ओळींत उभ्या असलेल्या चाळीस पिना. दिवा लावणे, तापमान मोजणे, मोटर फिरवणे हे सारे या पिनांमधूनच होते. म्हणून प्रस्तुत परीक्षण संपूर्ण संगणकाचे नसून फक्त या चाळीस पिनांचे आहे.

आधी गुण पाहू. फेब्रुवारी २०१२ मध्ये आलेल्या पहिल्या बोर्डावर २६ पिना होत्या. जुलै २०१४ च्या ‘बी प्लस’ मॉडेलपासून त्या ४० झाल्या आणि २०२३ साली आलेल्या पाचव्या पिढीतही त्यांची मांडणी तीच राहिली. म्हणजे दहा वर्षांपूर्वी एखाद्या शिक्षकाने तयार केलेला तक्ता आजही भिंतीवरून उतरवावा लागत नाही. संगणकाच्या जगात ही स्थिरता दुर्मिळ आहे. चाळीसपैकी दोन पिना ५ व्होल्टच्या, दोन ३.३ व्होल्टच्या, आठ ग्राउंडच्या आणि उरलेल्या अठ्ठावीस संदेशांच्या आहेत. ग्राउंड मुबलक दिल्यामुळे एकाच वेळी अनेक उपकरणे जोडता येतात. एक अभियांत्रिकी रचना म्हणून ही पट्टी चांगली आहे, यात शंका नाही.

नाव नसलेल्या पिना

पहिला दोष डोळ्यांना दिसणारा आहे. पिनांची नावे बोर्डावर पिनांशेजारी छापलेली नाहीत. त्यात भर म्हणजे मोजणीच्या दोन पद्धती आहेत. एक पद्धत जागेप्रमाणे १ ते ४० मोजते. दुसरी संगणकाच्या चिपमधील क्रमांक वापरते. त्यामुळे पुस्तिकेत ‘पिन १८’ असे लिहिलेले असेल, तर एका पद्धतीने ती अठराव्या जागेवरची पिन होते आणि दुसऱ्या पद्धतीने बाराव्या जागेवरची. अठराव्या जागेवरच्या पिनेचे चिपमधील नाव चोवीस! आठवीतल्या मुलाला हे समजावून सांगता येते. पण आधी ते शिक्षकाला कुणीतरी सांगितलेले असायला हवे.

जागा कमी असल्याने नावे छापता येत नाहीत, हा बचाव पुरता पटत नाही. आर्डुइनोच्या बोर्डावर प्रत्येक जोडणीशेजारी तिचे नाव आहे. रास्पबेरी पायच्याच घराण्यातील २०२१ सालच्या पिको या लहान बोर्डावरही नावे छापली आहेत. पण ती मागच्या बाजूला! बोर्ड ब्रेडबोर्डात खोचला की ती झाकली जातात.

५ व्होल्टचा शेजार

दुसरा दोष अधिक महागात पडणारा आहे. या बोर्डावरच्या संदेशांच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि त्यांना ५ व्होल्ट सोसत नाहीत. ५ व्होल्टची दुसरी पिन, म्हणजे चौथी जागा, अशी आहे की तिच्या एका बाजूला संदेशाची तिसरी पिन आणि पुढच्या जागेवर ग्राउंड आहे. जंपर वायर एक घर इकडे सरकली तर संदेशाच्या पिनेवर ५ व्होल्ट जातात. एक घर तिकडे सरकली तर सरळ शॉर्टसर्किट होते. वर्गात तीस-चाळीस मुले टेबलाभोवती दाटीने उभी असताना एक घर चुकणे ही अपवादात्मक गोष्ट नव्हे.

वायर योग्य जागी लावूनही घात होऊ शकतो. शाळांतून फार आवडीने केला जाणारा प्रयोग म्हणजे स्वनातीत ध्वनीने अंतर मोजणे. त्यासाठी वापरला जाणारा, दोन डोळ्यांसारखा दिसणारा स्वस्त संवेदक ५ व्होल्टवर चालतो आणि उत्तरही ५ व्होल्टमध्येच देतो. ते उत्तर थेट संदेशाच्या पिनेला द्यायचे नसते. एक किलोओहम आणि दोन किलोओहम असे दोन रोध एकसरीत जोडून दोन किलोओहमच्या टोकांमधील विभवांतर घेतले, की ५ चे दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे ३.३ व्होल्ट मिळतात. दोन-चार रुपयांच्या या दोन रोधांवर काही हजार रुपयांचा बोर्ड अवलंबून असतो. ज्या पुस्तिकेत हे रोध दाखवलेले नाहीत, ती पुस्तिका कितीही रंगीत असली तरी शाळेत आणू नये.

वीज किती घ्यावी?

तिसरा दोष सर्वांत मूलभूत आहे. या पिनांमधून किती विद्युतधारा घेता येईल, याचा आकडा बोर्डावर नाही. आणि सोप्या पुस्तिकांमधूनही तो क्वचितच आढळतो.

संदेशाच्या पिनेचे पाहू. तांबड्या एलईडीला सुमारे १.९ व्होल्ट लागतात. ३.३ मधून ते वजा केले की १.४ व्होल्ट उरतात. ३३० ओहमचा रोध लावला तर सुमारे ४ मिलिअँपिअर धारा वाहते. हे पिनेला सहज झेपते. या पिनांची क्षमता २ ते १६ मिलिअँपिअर अशी आज्ञावलीतून ठरवता येते, असे अनेक ठिकाणी लिहिलेले असते. त्यावरून ‘८ वर ठेवले की पिन ८ पेक्षा जास्त देणारच नाही’ असा समज होतो, आणि तो चुकीचा आहे. हा आकडा म्हणजे मर्यादा घालणारा पहारेकरी नव्हे. तेवढ्या धारेपर्यंत पिनेचे विभव ठरलेल्या हद्दीत राहील, एवढेच तो सांगतो. जास्त ओढले तर पिन जास्त देत राहते आणि शेवटी चिपला इजा होते.

३.३ व्होल्टच्या पिनेबाबत पहिल्या पिढीच्या बोर्डावर सुमारे ५० मिलिअँपिअरची मर्यादा होती. नंतर पुरवठा सुधारला; तरी ती पिन संवेदकांसाठी आहे, मोटरसाठी नाही.

५ व्होल्टच्या पिनेची गोष्ट निराळी आहे. तिची क्षमता ही वजाबाकी आहे. चौथ्या पिढीच्या बोर्डासाठी ३ अँपिअरचा चार्जर सुचवलेला आहे. बोर्ड स्वतः साधारण ०.६ अँपिअर घेतो, यूएसबीवरची उपकरणे जास्तीत जास्त १.२ अँपिअर घेऊ शकतात. उरले १.२ अँपिअर, संगणक जड कामात गुंतला तर त्याहूनही कमी. आता मंगळवारी बाजारातून मोबाइलचा १ अँपिअरचा चार्जर आणून लावला, तर हीच वजाबाकी शून्याच्या खाली जाते. त्यावर एखादी छोटी सर्व्हो मोटर जोडली आणि ती अडकली, तर ती एकटी अर्ध्या अँपिअरहून अधिक ओढते. संगणक मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि मुले म्हणतात, ‘सर, प्रोग्रॅम चुकला.’ प्रोग्रॅम बरोबर असतो. वीज अपुरी असते.

वायरही आपला वाटा घेते. चार्जरच्या बारीक वायरीचा जाऊन-येऊन रोध पाव ओहम धरला, तर २ अँपिअरला अर्धा व्होल्ट वायरीतच संपतो आणि बोर्डापाशी ४.५ व्होल्ट पोचतात. सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेले की बोर्ड पडद्यावर विजेची खूण दाखवतो. नववीच्या ओहमच्या नियमाचे याहून जिवंत उदाहरण कोणते?

इथे नागपूरकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तिसऱ्या पिढीपर्यंतच्या बहुतेक मोठ्या बोर्डांवर वीज आत येते त्या जागी आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज असतो. त्याची क्षमता साधारण २० ते २५ अंश तापमानाला ठरवलेली असते. फ्यूजपाशी ४५ अंश झाले की ती सुमारे एक पंचमांशाने घटते. एप्रिलच्या दुपारी आपल्या वर्गातच ४० अंश असतात, आणि बोर्ड खोलीपेक्षा गरम असतो. डिसेंबरात चाललेला प्रयोग एप्रिलमध्ये का अडतो, याचे हे एक कारण असू शकते. शिवाय वीज ५ व्होल्टच्या पिनेतून आत दिली तर या फ्यूजला वळसाच बसतो.

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. यूएसबीच्या वाटेवर धारेला मर्यादा घालणारा भाग बोर्डावर बसवलेला आहे. हेडरवरच्या ५ व्होल्टच्या पिनेला तसा स्वतंत्र भाग नाही. जी वाट मुलांच्या हाती द्यायची, तिलाच राखण नाही. याच पिनांतून वीज आतही घेता यावी म्हणून त्या मोकळ्या ठेवल्या, हे कारण अनुभवी माणसाला पटेल. शाळेला त्याचा उपयोग थोडा आणि धोका जास्त.

दुसरी उदाहरणे

आकडा सांगणे अशक्य आहे असे नाही. १९८४ साली भारत सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून आपल्या शाळांत बीबीसी मायक्रो हा संगणक आला. त्याच्या तळाशी बाहेरच्या उपकरणांसाठी वीज देणारी जोडणी होती आणि तिथून ५ व्होल्टवर १.२५ अँपिअर घेता येतील, असा स्पष्ट आकडा दिलेला होता. २०१६ मध्ये ब्रिटनमधील शाळांत वाटलेल्या मायक्रोबिटच्या पहिल्या आवृत्तीसाठी बाहेरच्या जोडण्यांना ९० मिलिअँपिअर ही मर्यादा सांगितलेली आहे. शिवाय त्याच्या कडेला मगरचिमटे लावण्याजोगी मोठी, नाव लिहिलेली भोके आहेत. आपल्याकडे नवी दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये फिनिक्स प्रकल्पातून तयार झालेले एक्सपाईज हे उपकरण तर विज्ञानाच्या प्रयोगांसाठीच घडवलेले आहे. त्याच्या दोन मुख्य प्रवेशजोडण्या उणे १६ ते अधिक १६ व्होल्टपर्यंत मोजू शकतात, त्यामुळे ५ व्होल्टचे त्यांना भय नाही.

हे का महत्त्वाचे?

सदरमधील एका शाळेच्या प्रयोगशाळेत मला चार बोर्ड दाखवण्यात आले. त्यांतले दोन खोक्याबाहेर आलेच नव्हते. कारण विचारल्यावर तिथल्या विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, ‘सर, एखादा जळला तर डेडस्टॉक रजिस्टरला उत्तर मीच देणार ना?’ त्यांचे चुकत नव्हते. जे साधन आपली मर्यादा सांगत नाही, ते जपून वापरणारा माणूस कपाटातच ठेवतो. नुकसान होते ते मुलांचे. संगणकातील आज्ञेने खरा दिवा लागतो, हे पाहण्याची संधी त्या कपाटात बंद राहते.

उत्पादक बोर्ड बदलेपर्यंत आपण थांबायचे कारण नाही. पुढील गोष्टी शाळेत आजच करता येतील.

पिनांचा मोठा तक्ता मुलांकडून काढून घ्यावा. त्यात जागेचा क्रमांक आणि चिपमधील क्रमांक दोन्ही लिहावेत, ५ व्होल्टच्या दोन पिना तांबड्या रंगवाव्यात. वापर नसेल तेव्हा त्या दोन पिनांवर प्लॅस्टिकची टोपी किंवा वायरीच्या आवरणाचा तुकडा बसवावा. जोडणी करताना वीज बंद ठेवावी आणि दुसऱ्या गटाने ती तपासल्याशिवाय बटण दाबू नये. मोटर आणि रिलेसाठी वेगळा वीजपुरवठा वापरावा, मात्र दोन्हींचे ग्राउंड जोडावे. मोटरला आज्ञा देण्यासाठी ट्रान्झिस्टर किंवा ड्रायव्हर मधे घालावा. सुटे भाग आणायला बर्डीला जाल तेव्हा ३३० ओहम, एक आणि दोन किलोओहमचे रोध मूठभर घेऊन या. आणि एक मल्टिमीटर.

प्रत्येक प्रयोगाआधी मुलांनी वहीत एक ओळ लिहावी: चार्जर किती देतो, बोर्ड किती घेतो, यूएसबी किती, आपला प्रयोग किती. ही वजाबाकी ज्यांना जमली त्यांच्या हाती बोर्ड निर्धास्तपणे द्यावा. आणि साहित्य पुरवणाऱ्यांकडे शाळांनी खरेदीच्या वेळीच एक मागणी करावी: प्रत्येक बोर्डासोबत पिनांची नावे आणि धारेच्या मर्यादा असलेला एक पानी मराठी तक्ता हवा. हा खर्च एका कागदाचा आहे.