चाहता, रसिक आणि औचित्य : ‘स्टार ट्रेक’च्या प्रेक्षकांच्या निमित्ताने

लोकप्रिय कलाकृतीच्या चाहत्यांचा विषय निघाला म्हणजे समीक्षकाच्या चेहऱ्यावर बहुधा एक सोशिक स्मित उमटते. चाहता हा कलाकृतीत वाहून गेलेला असतो. पात्रांना तो खरीखुरी माणसे समजतो, त्यांच्या लग्नाने हरखतो, त्यांच्या मृत्यूचे सुतक पाळतो. सबब त्याच्या प्रतिक्रियेला वाङ्मयीन मूल्य नाही, असा एक समज आपल्यात रूढ आहे. हा समज कितपत खरा आहे, हे एका प्रत्यक्ष उदाहरणावर पारखून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उदाहरण आम्ही मुद्दामच दूरचे घेतले आहे, कारण जवळच्या उदाहरणात आपले स्वतःचे रागलोभ आड येतात. अमेरिकेतील ‘स्टार ट्रेक’ ही विज्ञानकल्पनेवर आधारलेली दूरचित्रवाणी मालिका ते उदाहरण होय. तिच्या प्रेक्षकांनी तीमधील पात्रांवर व त्यांच्या परस्परसंबंधांवर जितका विचार केला, जितके लिहिले आणि जितका वाद घातला, तितके भाग्य फार थोड्या कलाकृतींच्या वाट्याला आले असेल.

जीन रॉडनबेरी यांनी निर्माण केलेली ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी या वाहिनीवर सुरू झाली आणि ३ जून १९६९ रोजी, ७९ भागांनंतर, संपली. तेविसाव्या शतकातील ‘एंटरप्राइज’ नावाचे अवकाशयान, त्याचा धाडसी कप्तान जेम्स कर्क, तापट पण मायाळू डॉक्टर मॅकॉय आणि कर्कचा सहायक अधिकारी स्पॉक हे तिचे मुख्य त्रिकूट. स्पॉकची आई मानवी आणि पिता व्हल्कन नावाच्या परग्रहावरील. व्हल्कन लोकांनी भावनेवर विवेकाचा अंकुश ठेवण्याचे व्रत घेतलेले. लेनर्ड निमॉय या नटाने साकारलेला हा टोकदार कानांचा इसम प्रेक्षकांना सैतानासारखा वाटेल, अशी वाहिनीस इतकी धास्ती होती की, विक्रीसाठी काढलेल्या एका माहितीपत्रकात छायाचित्रातील त्याचे कान व भुवया रंगकामाने सौम्य करण्यात आल्या. पुढे घडले ते उलटेच. सर्वांत अधिक पत्रे येऊ लागली ती स्पॉकलाच.

येथून आमच्या विषयाला प्रारंभ होतो. नायक कर्क, परंतु प्रेक्षकांचे मन स्पॉकवर, अशी अडचण उभी राहिली तेव्हा १९६७ साली रॉडनबेरी यांनी प्रसिद्ध विज्ञानलेखक आयझॅक आसिमोव्ह यांचा सल्ला विचारला. आसिमोव्ह यांचे उत्तर मार्मिक होते. दोघांना एकमेकांपासून तोडू नका. संकटांना ते जोडीने सामोरे जाऊ द्या, म्हणजे एकाची आठवण झाली की दुसऱ्याची आपोआप होईल, असा त्याचा आशय होता. म्हणजे ज्या मैत्रीला चाहत्यांनी पुढे मालिकेचा गाभा मानले, तिच्या घडणीत चाहत्यांच्या पत्रांचाही हात होता. निर्माता देतो आणि प्रेक्षक घेतो, इतका हा व्यवहार एकमार्गी नव्हता.

या मैत्रीचे मर्म कळण्यासाठी एक प्रसंग ध्यानात घ्यावा. १५ सप्टेंबर १९६७ रोजी दाखविलेला ‘अमॉक टाइम’ हा भाग थिओडोर स्टर्जन या नामांकित कथाकाराने लिहिला होता. व्हल्कन पुरुषाला ठरावीक काळी विवाहासाठी स्वगृही परतणे भागच असते. न परतल्यास मृत्यू. स्पॉक परततो, पण लहानपणी ठरलेली त्याची वाग्दत्त वधू टि’प्रिंग द्वंद्वाची मागणी करते आणि आपल्या बाजूने लढण्यासाठी चक्क कर्कची निवड करते. मॅकॉय कर्कला गुपचूप एक औषध टोचतो. त्यामुळे कर्क मेल्यासारखा पडतो. आपण आपल्या कप्तानाला ठार मारले, या जाणिवेने स्पॉकचा सारा उन्माद ओसरतो. यानावर परतून तो स्वतःला शिक्षेसाठी स्वाधीन करणार, तोच समोर कर्क जिवंत उभा! क्षणभर स्पॉक त्याचे दंड धरतो, हर्षाने हसतो, आणि दुसऱ्याच क्षणी तो मुखवटा पुन्हा चढवितो.

हा क्षण अवघ्या काही सेकंदांचा आहे. परंतु चाहत्यांनी त्यावर वर्षानुवर्षे लिहिले. का लिहिले? स्पॉक हसला म्हणून नव्हे. जो कधी हसत नाही, तो का हसला आणि मग ते का लपविले, याचा उलगडा त्यांना हवा होता. ज्या पात्राचे मौन आधी श्रद्धेने ऐकले आहे, त्याचाच एक उद्गार इतका अर्थपूर्ण होतो. हे पात्रवाचन भाबडेपणाचे लक्षण खास नव्हे. नाटकातील एखाद्या विरामाचा अर्थ शोधणारा टीकाकार याहून वेगळे काय करतो?

चाहत्यांच्या कृती दोन प्रकारच्या होत्या. पहिली उघड चळवळीची. दुसऱ्या वर्षानंतर मालिका बंद होणार अशी वदंता पसरताच, बिजो ट्रिंबल व जॉन ट्रिंबल या दांपत्याच्या पुढाकाराने पत्रांची मोहीम सुरू झाली आणि वाहिनीकडे लाखाच्या वर पत्रे गेली. १ मार्च १९६८ रोजी, एका भागाच्या शेवटी, मालिका चालू राहणार असल्याची घोषणा वाहिनीला करावी लागली. तिसरे वर्ष मिळाले. पण ते शुक्रवारी रात्री दहाच्या अडचणीच्या वेळेला, आणि त्या वर्षाच्या अनेक भागांचा दर्जा उतरलेला होता, असे खुद्द चाहतेच म्हणतात. पत्रांनी मालिका वाचविता येते, चांगली कथा लिहविता येत नाही, हा धडा त्यात आहे.

दुसरी कृती लेखनाची. १९६७ साली ‘स्पॉकनेलिया’ हे केवळ या मालिकेला वाहिलेले पहिले नियतकालिक निघाले. सायक्लोस्टाइल केलेल्या अशा अंकांतून व्हल्कनांच्या शरीररचनेपासून कुटुंबपद्धतीपर्यंत चर्चा होई, आणि पडद्यावर न दिसलेल्या प्रसंगांच्या कथा लिहिल्या जात. या लेखकांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. त्यांची स्वतःची समीक्षाही होती, हे विशेष. १९७३ साली पॉला स्मिथ हिने ‘मेरी स्यू’ नावाच्या साडेपंधरा वर्षांच्या सर्वगुणसंपन्न अधिकारिणीची विडंबनकथा लिहून, स्वतःलाच नायिका करून कथेत घुसविणाऱ्या लेखिकांची अशी काही थट्टा केली की, ‘मेरी स्यू’ हे नाव त्या दोषाची संज्ञाच होऊन बसले. ज्यांना आपण वाहून गेलेले म्हणतो, त्यांनी वाहून जाण्याची कुचेष्टा आपल्याआधी केली होती.

पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, ‘ग्रप’ नावाच्या अंकात पात्रांची नावे न घेता एक लहानशी कथा आली. तिच्यात कर्क आणि स्पॉक यांचे नाते प्रणयाचे म्हणून कल्पिले होते. दोघांच्या नावांमध्ये घातल्या जाणाऱ्या तिरप्या रेघेवरून त्या सबंध लेखनप्रकाराला नाव मिळाले. खुद्द चाहत्यांमध्ये यावरून कडाक्याचे वाद झाले. काहींना यात त्या मैत्रीची विटंबना दिसली, काहींना तिचे सार्थक. जोआना रस या कथाकार-समीक्षक विदुषीने १९८५ साली असे प्रतिपादन केले की, पडद्यावरील स्त्रीपात्रांना बरोबरीचे स्थान नव्हते, म्हणून बरोबरीच्या प्रेमाची कथा लिहू पाहणाऱ्या स्त्रियांनी ही दोन पात्रे निवडली. वाद इतका पोहोचला की, १९७९ साली चित्रपटावरून लिहिलेल्या कादंबरीत रॉडनबेरी यांनी कर्कच्या तोंडी एक तळटीप घातली. तीत कर्क ही अफवा आपल्याला ठाऊक नव्हती असे सांगतो आणि आपला ओढा स्त्रियांकडे असल्याचे म्हणतो. कल्पित पात्राने आपल्या वाचकांना तळटिपेतून उत्तर द्यावे, हा प्रकार वाङ्मयाच्या इतिहासात विरळाच म्हटला पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ही सर्व केवळ तादात्म्याची लीला आहे काय? न. चिं. केळकरांनी सविकल्प समाधीची कल्पना मांडली, तेव्हा त्यांचे म्हणणे असे होते की, वाचक आपली भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो आणि या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयाचा आनंद असतो. आमच्या मते चाहत्याची अवस्था हीच आहे. फरक इतकाच की तो दोन्ही टोके अधिक ताणतो. तो स्पॉकसाठी रडतोही, आणि ‘स्पॉक असे बोलणार नाही’ म्हणून लेखकाचा कानही धरतो. हे दुसरे वाक्य आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित मानले. पात्राच्या प्रकृतीला शोभेल तेच त्याच्या हातून घडावे, हा त्या विचाराचा एक भाग. चाहत्यांना क्षेमेंद्र ठाऊक नाही, पण त्यांच्या भांडणाचा विषय बहुतेक वेळा औचित्याचाच असतो.

कोणी असे म्हणेल की, औचित्याच्या नावाखाली चाहता आपली इच्छाच पुढे रेटतो. आवडते पात्र मरू नये, आवडती जोडी तुटू नये, एवढेच त्याला हवे असते. या आक्षेपाची परीक्षा दोन चित्रपटांवरून होते. १९८२ साली निकोलस मेयर यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘द रॅथ ऑफ खान’ मध्ये स्पॉक मरणार, ही बातमी आधीच फुटली व चाहते संतापले. निषेधाची पत्रे गेली. तरीही चित्रपट आला तेव्हा त्याच मृत्यूने त्यांना जिंकले. स्पॉक किरणोत्साराने भरलेल्या कक्षात शिरून यान वाचवितो. पारदर्शक भिंतीच्या अलीकडे कर्क, पलीकडे तो. दोघांचे तळवे काचेवर समोरासमोर, पण स्पर्श नाही. विवेकाचा मार्ग आणि मित्रप्रेमाचा मार्ग येथे एक झाले होते. ज्यांनी ‘मारू नका’ म्हणून लिहिले होते, त्यांतील असंख्यांनी हा चित्रपट पुढे सर्वश्रेष्ठ मानला. स्पॉक १९८४ च्या चित्रपटात परत आला खरा, परंतु त्यासाठी कर्कला आपला पुत्र आणि आपले यान गमवावे लागले.

२०१३ च्या ‘इनटू डार्कनेस’ मध्ये, नव्या नटसंचासह, हाच प्रसंग उलटा करून मांडला गेला. आता कक्षात कर्क, काचेबाहेर स्पॉक. हावभाव तेच, काच तीच. आणि थोड्याच वेळात खानच्या रक्ताने कर्क पुन्हा जिवंत! आवडते पात्र मेले नाही. चाहत्यांची म्हणून जी इच्छा सांगितली जाते, ती तंतोतंत पुरी झाली. परंतु ऑगस्ट २०१३ मध्ये लास वेगास येथील चाहत्यांच्या मेळाव्यात उपस्थितांनी चित्रपटांची प्रतवारी लावली, तेव्हा हा चित्रपट सर्वांत तळाशी गेला. जुन्या प्रसंगामागे सोळा वर्षांचे साहचर्य होते. नव्यामागे त्याची केवळ नक्कल होती. इच्छेविरुद्ध घडलेल्या पण उचित मृत्यूला ज्यांनी मान दिला आणि इच्छेप्रमाणे घडलेल्या पण अनुचित जीवदानाला ज्यांनी नाकारले, त्यांना रसिक न म्हणावे तर कोणाला म्हणावे?

तथापि या रसिकतेचे एक वैगुण्य सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाता येत नाही. प्रेमाची दृष्टी एका जागी खिळली की शेजारचे दिसेनासे होते. ‘अमॉक टाइम’ मधील टि’प्रिंगचाच विचार करावा. नको असलेल्या विवाहातून सुटण्यासाठी, कोणीही जिंकला तरी आपला प्रियकर आपल्यालाच मिळेल, अशी बिनतोड योजना ती करते. सबंध भागातील सर्वांत तर्कशुद्ध व्यक्ती तीच. पण दोन मित्रांच्या प्रेमिकांनी तिला फार काळ खलनायिकाच मानले. उहुरेचे उदाहरण याहून बोलके आहे. निशेल निकोल्स या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने साकारलेली ही संदेशवहन अधिकारी. मालिका सोडण्याचा आपला विचार मार्टिन ल्यूथर किंग यांनी, स्वतः चाहते म्हणून, आग्रहाने बदलविला, असे निकोल्स सांगत असत. परंतु त्या ७९ भागांत उहुरेला पहिले नावदेखील मिळाले नाही. आणि २२ नोव्हेंबर १९६८ च्या भागात कर्कने तिचे जे गाजलेले चुंबन घेतले, तेही परक्यांच्या मनःशक्तीच्या सक्तीने. २००९ च्या चित्रपटात स्पॉक व उहुरा यांचे प्रेम दाखविले, तेव्हा काहींनी तक्रार केली की, कर्तबगार अधिकारिणीला केवळ प्रेयसी केले. इतरांनी उत्तर दिले की, जिच्या वाट्याला चार दशके कोणाचे प्रेम आले नाही, तिला ते मिळाले तर दुखते कोणाला? या दुसऱ्या प्रश्नाने अनेकांना आपल्या औचित्याचीच झडती घ्यावयास लावली. ‘हे पात्राला शोभत नाही’ असे म्हणताना ‘हे आमच्या सवयीला शोभत नाही’ असे तर आपण म्हणत नाही ना, हा तो प्रश्न. तोही चाहत्यांनीच चाहत्यांना विचारला, हे आम्ही त्यांच्या बाजूने नोंदवितो.

यावरून आम्ही एवढेच सुचवू इच्छितो की, चाहता आणि रसिक या दोन निरनिराळ्या जाती नाहीत. एकाच माणसात दोघेही नांदतात. कधी आसक्ती वरचढ होते, कधी विवेक. वाचक कलाकृतीपाशी काय मागतो, हे त्याच्या अश्रूंवरून न ठरविता त्याच्या तक्रारीवरून ठरवावे. ‘मला सुख द्या’ ही तक्रार असेल तर ती सहानुभूतीने ऐकून सोडून द्यावी. ‘या माणसाशी प्रामाणिक राहा’ ही तक्रार असेल, तर ती समीक्षाच आहे, मग ती एखाद्या मासिकात छापली गेलेली असो की वाहिनीच्या कचेरीत पत्रांच्या ढिगात पडलेली असो. नाटक, कादंबरी आणि आता मालिका यांविषयी आपल्या घरांतून जेवताना जे वाद होतात, त्यांतही ही दुसरी तक्रार वारंवार ऐकू येते. समीक्षकाने ते सोशिक स्मित क्षणभर आवरून तिकडे कान द्यावा, एवढी आमची विनंती आहे.