मेरियनेथ : चित्रातला डोंगर आणि जमिनीवरचा

वेल्सच्या वायव्येला मेरियनेथ नावाची डोंगराळ काउंटी होती. पहिल्या एडवर्डने वेल्स जिंकल्यावर 1284 मध्ये ती आखली गेली आणि 1974 च्या पुनर्रचनेत मोडली. बहुतेक भाग ग्वेनेडमध्ये गेला. या प्रदेशाचे सर्वांत गाजलेले चित्र रिचर्ड विल्सनचे आहे : 1765 च्या सुमाराचे, 893 मीटर उंचीच्या कादर इद्रिसच्या कुशीतील सरोवराचे. चित्र थोर आहे. मेरियनेथची ओळख म्हणून मात्र ते मला अपुरे वाटते.

विल्सन शेजारच्या माँटगमरी काउंटीत जन्मला, तेव्हा हा मुलूख त्याला परका नव्हता. तरी त्याने कड्यांची गुंतागुंत पुसून डोंगर सोपा केला. यात मला दोष दिसत नाही. उलट डोंगराचा गाभा त्याने नेमका पकडला. ज्वालामुखीच्या प्राचीन खडकात हिमनदीने कोरलेली ही वाटी आहे. हिमनद्यांचा सिद्धांत ब्रिटनमध्ये पोहोचला 1840 मध्ये. चित्रकाराच्या नजरेला तो आकार पाऊणशे वर्षे आधीच गवसला होता.

माझा आक्षेप वेगळा आहे. चित्रातली माणसे चिमुकली आहेत आणि त्यांची वस्ती कुठेच नाही. इतक्या उंचीवर गाव नव्हते, हे खरे. पण याच डोंगराच्या पायथ्याशी, डोल्गेलाय परिसरात, त्या काळी घरोघरी लोकरीचे कापड विणले जात होते. पुढे ब्लायनाय फेस्टिनिओगच्या लोकांनी डोंगर आतून पोखरून छपरांसाठी पाटीचा दगड काढला. रम्य, निर्मनुष्य डोंगर पाहायला येणाऱ्यांच्या नजरेत हे श्रम बसत नाहीत.

त्या नजरेची किंमत मोजावी लागते. लिव्हरपूलला पाणी हवे म्हणून 1957 मध्ये संसदेने त्रिवेरिन खोऱ्यातील धरणाला मंजुरी दिली. वेल्सच्या एकाही खासदाराने बाजूने मत दिले नव्हते. 1965 मध्ये कापेल केलिन हे वेल्श बोलणारे गाव शाळा, प्रार्थनाघर आणि टपालघरासह पाण्याखाली गेले. लिव्हरपूलच्या नगरपरिषदेने माफी मागितली ती 2005 मध्ये.

विल्सनच्या चित्राने गाव बुडवले, असे मी म्हणणार नाही. पण डोंगर म्हणजे केवळ देखावा आणि पाणी, अशी सवय डोळ्यांना लागली की तिथली माणसे हिशेबातून सहज गळतात. म्हणून ते चित्र जरूर पाहावे. त्याशेजारी कापेल केलिनचा नकाशाही ठेवावा.