विटांची उपमा आणि विसरलेली दरज

कृत्रिम जीवशास्त्राची ओळख करून देताना ‘डीएनएच्या विटा रचा, हवा तो जीवाणू घडवा’ असे सांगतात. एमआयटीच्या टॉम नाइट यांनी २००३ साली मांडलेल्या बायोब्रिक पद्धतीला ही उपमा शोभते, पण अपुरी पडते. जयगडला जांभ्याचे चिरे रचणारा गवंडी दरज विसरत नाही, उपमा विसरते. विकरांनी कापलेले दोन भाग जोडले की सांध्यात काही अक्षरे उरतात. पुढचा भाग प्रथिनाचा असेल, तर ती टीएसी-टीएजी अशी सहा असतात. प्रवर्तकापुढे जनुक जोडताना ती सहसा नडत नाहीत. परंतु दोन प्रथिनखंड सलग जोडायचे, तर टीएजी म्हणजे ‘थांबा’! प्रथिन अर्धवट राहते. शिक्षकांनी उपमा जरूर वापरावी; मात्र ही सहा अक्षरेही फळ्यावर लिहावीत.