‘तू तज्ज्ञ आहेस’ एवढ्याने भागत नाही

संशोधनाची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांना हल्ली एक प्रश्न पडतो. कोड लिहून देणाऱ्या एआय असिस्टंटला वेगवेगळ्या भूमिका द्याव्यात का? म्हणजे एक आर्किटेक्ट, एक प्रोग्रॅमर, एक टेस्टर, एक रिव्ह्यूअर. माझं उत्तर: जरूर द्या. पण सध्या दिल्या जाणाऱ्या बहुतेक भूमिका म्हणजे नुसती वेशभूषा असते. असं का म्हणतो ते पाहा.

या कल्पनेवरचा गाजलेला पेपर म्हणजे 2023 मधला ‘चॅटडेव्ह’. त्यात भाषा-मॉडेललाच सीईओ, सीटीओ, प्रोग्रॅमर, रिव्ह्यूअर, टेस्टर अशा खुर्च्यांवर बसवून आपसात बोलायला लावलं. प्रॉम्प्टमधून भूमिका काढल्या की निकाल घसरतात, हेही लेखकांनी दाखवलं. आता पेपर वाचताना इथे थांबायचं आणि विचारायचं, घसरलं ते नेमकं काय? त्यांची मूळ मोजमापं तीन: कोड अर्धवट सोडलेला नाही ना, तो चालतो का, आणि मागणीच्या मजकुराशी त्याचं एम्बेडिंग किती जुळतं. ‘दर्जा’ नावाचा चौथा आकडा या तिघांवरूनच काढलेला. उत्तर बरोबर आलं का, हे यातलं एकही मोजमाप थेट विचारत नाही. छोटा गेम बनवायचा असेल तर ठीक आहे. थीसिसच्या निकालांसाठी नाही.

‘तू अमुक तज्ज्ञ आहेस’ या वाक्याची स्वतंत्र परीक्षाही झाली आहे. एका अभ्यासात 162 भूमिका आणि 2,410 वस्तुनिष्ठ प्रश्न घेतले, आणि भूमिका न देण्याच्या तुलनेत एकूण फायदा दिसला नाही. ते प्रश्न कोडिंगचे नव्हते, त्यामुळे हा निष्कर्ष फार ताणू नका. पण बिल्ला लावल्याने माहिती वाढत नाही, एवढं घ्यायला हरकत नाही.

आता आपल्याच शहरातला डेटा घेऊ. समजा, परळ-दादरच्या हिंदमाता परिसरात पाणी कधी तुंबतं याचा अभ्यास तुम्ही करताय. हवामान खात्याच्या कुलाबा आणि सांताक्रूझ केंद्रांचे रोजचे पावसाचे आकडे तुमच्याकडे आहेत, आणि ते साफ करणारा कोड असिस्टंटने लिहून दिलाय. 26 जुलै 2005 च्या त्या पावसात 24 तासांत सांताक्रूझला 944 मिमी नोंदला गेला, कुलाब्याला सुमारे 73. एकाच शहरातली दोन केंद्रं! ‘डेटा सफाई तज्ज्ञ’ 944 ला आउटलायर म्हणून सहज उडवेल. मग तुम्ही ‘वरिष्ठ संख्याशास्त्रज्ञ’ बोलावता, तो कोड वाचतो आणि म्हणतो, प्रमाणित पद्धत आहे, छान. दोघांच्या पोटात मॉडेल एकच, दोघांना माहीत असलेलं तेच आणि माहीत नसलेलंही तेच. ज्या दिवसासाठी अभ्यास करायचा, नेमका तोच दिवस गेला.

दुसरा सापळा याहून बारीक आहे. हवामान खातं एखाद्या तारखेपुढे जो पाऊस लिहितं, तो त्या दिवशी सकाळी 8.30 ला संपलेल्या 24 तासांचा असतो. म्हणजे 26 च्या दुपारी कोसळलेला पाऊस 27 तारखेच्या ओळीत सापडतो. पाणी तुंबल्याच्या नोंदी आणि भरतीचं वेळापत्रक मात्र कॅलेंडरच्या तारखेने चालतात. जोडणीत एक दिवस घसरला तरी कोड विनातक्रार चालतो, आलेखही सुंदर येतो. गाईडने व्हायवाच्या आधी पकडलं तर नशीब.

तर भूमिका खरी कशाने होते? ती काय पाहते, कशाशी ताडून पाहते आणि तिला कशाला हात लावता येत नाही, यावरून. गिरगाव-काळबादेवीच्या छापखान्यांना हे कधीच कळलं होतं. जावजी दादाजींच्या निर्णयसागरच्या संस्कृत ग्रंथांचा शुद्धतेसाठी लौकिक होता. छापखान्यात मुद्रितशोधक हा जुळाऱ्यापेक्षा मोठा पंडित असेल-नसेल, पण त्याच्यासमोर मूळ प्रत असते. जुळाऱ्याने ‘मी नीट जुळवलंय’ असं सांगितल्यावर तो मान डोलावत नाही, अक्षर अक्षराशी लावून बघतो.

क्लॉड कोडसारख्या साधनात सबएजंट म्हणजे प्रोजेक्टमधली एक छोटी मार्कडाउन फाइल: नाव, केव्हा बोलवायचं, कुठली साधनं वापरायची परवानगी आणि खाली सूचना. त्याचा कॉन्टेक्स्ट मुख्य संभाषणापासून वेगळा असतो, आणि खरा फायदा इथेच आहे. परीक्षकाच्या फाइलमध्ये ‘वीस वर्षांचा अनुभवी’ वगैरे लिहू नका. ‘तारखेचा अर्थ 8.30 ते 8.30’, ‘27 जुलै 2005, सांताक्रूझ, 944 ही ओळ शेवटच्या तक्त्यात दिसलीच पाहिजे’, ‘वगळलेल्या प्रत्येक ओळीची कारणासह यादी दे’ असं लिहा. फाइल बदलायची परवानगी काढून घ्या. त्याने वाचावं, सांगावं, बस्स. आणि एक खाचखळगा: सबएजंटला काम काय ते मुख्य असिस्टंटच लिहून पाठवतो. ‘सफाई नीट झाली आहे, तपासून घे’ असा निरोप गेला की परीक्षा आधीच फुटली. निरोपात फक्त फाइलची नावं आणि तुमची पद्धतीची टिपणं असावीत.

टेस्टरच्या बाबतीतही तेच. त्याने चाचण्या कोड बघून लिहिल्या तर कोड जे करतो तेच तो ‘अपेक्षित’ मानणार. त्याला आधी टिपण द्या, कोड नंतर.

एकूण भूमिका किती? सुरुवातीला लिहिणारा आणि तपासणारा, दोन पुरे. सहा-सात एजंटांची फौज टोकन खाते आणि कोणी काय ठरवलं हे शोधण्यात तुमचा दिवस जातो.

तपासणारा कामाचा आहे का, ते मात्र आधी बघून घ्या. कोडची एक प्रत काढा, त्यात मुद्दाम तारीख एक दिवस सरकवा, दुसऱ्या प्रतीत 944 उडवा, आणि काहीही न सांगता दोन्ही त्याच्यापुढे ठेवा. दोन्ही चुका सापडेपर्यंत त्याची सूचना-फाइल लिहून झालेली नाही.