खलनायकाला नवं रूप देताना

२००२ सालच्या 'स्पायडर-मॅन'मध्ये स्पायडर-मॅन आणि ग्रीन गॉब्लिन एका गच्चीवर समोरासमोर येतात. गॉब्लिन त्याला आपल्या बाजूला वळवू पाहतो. प्रसंग मोह घालण्याचा आहे, सगळी भिस्त बोलण्यावर आहे. पण पडद्यावर दिसतात ते दोन कडक मुखवटे. एकाच्याही चेहऱ्यावरची रेष हलत नाही. विलेम डॅफो यांच्यासारखा नट हाताशी असताना दिग्दर्शक सॅम रायमी यांनी त्यांचा चेहरा हिरव्या शिरस्त्राणात कोंडून ठेवला. त्याच चित्रपटात डॅफो आरशासमोर उभे राहून स्वतःशी बोलतात. एका क्षणी भेदरलेला नॉर्मन ऑस्बॉर्न, दुसऱ्या क्षणी त्याच्या आतला गॉब्लिन. तिथे अंगावर काटा येतो, आणि तिथे मुखवटाही नाही, हिरवा रंगही नाही. पुढे 'नो वे होम'मध्ये (२०२१) नॉर्मन सुरुवातीलाच तो मुखवटा फोडून टाकतो आणि उरलेला सगळा चित्रपट डॅफो उघड्या चेहऱ्याने गाजवतात.

कॉमिकमधला खलनायक पडद्यावर आणताना त्याचं रूप नव्याने घडवावं लागतं. वेशभूषाकार, रंगभूषाकार, दृश्यपरिणामांचे तंत्रज्ञ, पटकथाकार आणि नट असे सगळे मिळून हे काम करतात. त्याची चर्चा मात्र 'कॉमिकसारखा दिसतो' किंवा 'दिसत नाही' एवढ्यावर संपते. माझ्या मते ही कसोटीच चुकीची आहे. मूळ चित्रातला प्रत्येक रंग, प्रत्येक रेषा काहीतरी काम करत होती. ते काम ओळखून नटाच्या देहावर सोपवणं म्हणजे चांगलं पुनर्रूपण. गेल्या तीन-साडेतीन दशकांतले चित्रपट या कसोटीवर तपासले, तर यश कुठे आलं आणि अपयश कुठे, हे बरंच स्पष्ट दिसतं.

आधी कागदावर काय होतं ते पाहू. अमेरिकन कॉमिक स्वस्त वर्तमानपत्री कागदावर, चार रंगांच्या छपाईत, मोजक्या छटांत निघत असे. लाल, निळा, पिवळा हे रंग बहुधा नायकांच्या वाट्याला गेले. खलनायकांकडे हिरवा आणि जांभळा आला. जोकर, ग्रीन गॉब्लिन, रिडलर, गॅलॅक्टस ही नावं आठवली तरी हे लक्षात येतं. पान उलटताच शत्रू कोण हे कळायला हवं, ही त्या रंगांची कामगिरी होती. दुसरी गोष्ट मुखवट्याची. स्टीव्ह डिटको यांनी १९६४ मध्ये रेखाटलेल्या गॉब्लिनचा मुखवटा चौकटीचौकटीत भाव बदलतो. चित्रकाराच्या हातात मुखवटाही चेहऱ्यासारखा लवचीक असतो. पडद्यावर त्याचं प्लास्टिक होतं आणि तो थिजतो. म्हणजे चित्र हुबेहूब उतरवलं तरी त्यातलं महत्त्वाचं तेवढं निसटतं.

हुबेहूब उतरवण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न 'डिक ट्रेसी'चा (१९९०). चेस्टर गूल्ड यांच्या १९३१ पासूनच्या चित्रपट्टीतले गुंड विद्रूप चेहऱ्यांचे होते: कुणाचं डोकं सपाट, कुणाचा चेहरा वाळल्या फळासारखा सुरकुतलेला. दिग्दर्शक वॉरन बेटी यांनी वेशभूषा आणि नेपथ्य जेमतेम सात रंगांत बांधलं. रंगभूषाकार जॉन कॅग्लिओन आणि डग ड्रेक्सलर यांनी ते चेहरे नटांवर चढवले आणि त्यासाठी ऑस्कर मिळवलं. चित्रपट आजही डोळ्यांना सुखावतो. पण त्यातला एकही गुंड भीतीदायक वाटत नाही. ते चेहरे पाहून होतात आणि मग त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही उरत नाही.

याच कॅग्लिओन यांनी अठरा वर्षांनी 'द डार्क नाइट'मध्ये (२००८) हीथ लेजर यांचा जोकर रंगवला, आणि त्या कामात या कलेने मारलेली मजल दिसते. जोकरचा जन्मच मुळी सिनेमातून झाला होता. १९४० मध्ये तो घडला तेव्हा समोर होता तो 'द मॅन हू लाफ्स' (१९२८) या मूकपटातला कॉनराड फाइट यांचा कायमचं हसू कोरलेला चेहरा. ते हसू जॅक निकल्सन यांच्या चेहऱ्यावर १९८९ मध्ये कृत्रिम त्वचेच्या तुकड्यांनी घट्ट बसवलं गेलं. लेजर यांच्या वेळी क्रिस्टोफर नोलन यांनी रंगभूषाकारापुढे फ्रान्सिस बेकन यांची चित्रं ठेवली, ज्यात चेहरे विरघळल्यासारखे, पुसल्यासारखे दिसतात. कॅग्लिओन पांढरा रंग लावत असताना लेजर कपाळाला आठ्या घालत, डोळे मिचकावत. चेहरा सैल सोडला की त्या घड्यांत रंग न पोचलेल्या रेषा उरत. कॉनर ओसलिव्हन यांनी ओठांच्या कडांना सिलिकॉनचे व्रण जोडले. ते तुकडे सैल होत, म्हणून लेजर जिभेने ओठ चाटत राहिले आणि ती सवय जोकरची ओळख बनली.

इथे रंगभूषा चेहऱ्याला झाकत नाही, चेहऱ्याबरोबर बिघडत जाते. पात्राने रंग स्वतःच फासला असावा, आणि त्याला तो नीट लावण्याची पर्वा नसावी, हे बघताक्षणी कळतं. आणि एवढ्या राखाडी, पोलादी शहरातही वेशभूषाकार लिंडी हेमिंग यांनी जांभळा कोट आणि हिरवं जाकीट सोडलं नाही. ते कपडे कोणत्या दुकानातले, हे पोलिसांना कळत नाही, कारण त्यांवर चिठ्ठीच नाही. जुन्या छपाईतला रंग टिकला आणि त्याला नवं कारण मिळालं: हा माणूस कुठून आला हे कुणालाच शोधता येत नाही.

त्या दशकातला सर्वसाधारण कल मात्र निराळा होता. 'एक्स-मेन' (२०००) या चित्रपटाने नायकांना काळं चामडं चढवलं आणि पुढची काही वर्षं चित्रपटकर्त्यांना कॉमिकच्या भडकपणाची लाजच वाटू लागली. या लाजेचा कळस म्हणजे २००७ चा गॅलॅक्टस. जॅक कर्बी आणि स्टॅन ली यांनी १९६६ मध्ये घडवलेला हा ग्रहभक्षक, भव्य जांभळं शिरस्त्राण घातलेला, जवळजवळ देवच. 'राइज ऑफ द सिल्व्हर सर्फर'मध्ये त्याचा एक प्रचंड ढग करून टाकला. ढगाला नजर नसते, निर्णय नसतो. माणसाच्या आकाराचं काहीतरी आपल्याकडे पाहतं आहे आणि आपण त्याच्या खिजगणतीत नाही, ही मूळ भीती त्या ढगात विरून गेली. बॅटमॅनचा शत्रू बेन याच्या बाबतीत तोटा वेगळा झाला. कॉमिकमधला बेन कॅरिबियनमधल्या एका काल्पनिक बेटाचा, मेक्सिकन कुस्तीगिराचा मुखवटा घालणारा. २०१२ च्या चित्रपटात त्याच्या तोंडावर श्वसनयंत्रासारखा मुखवटा आला, टॉम हार्डी यांनी केवळ डोळे आणि खांदे यांवर भूमिका पेलली, पण मुखवट्याबरोबर त्या माणसाचा मुलूखही गेला.

याउलट दोन कामं अशी झाली की त्यांचा अभ्यास व्हावा. 'स्पायडर-मॅन २'मध्ये (२००४) डॉक्टर ऑक्टोपसचा हिरवा-पिवळा पोशाख काढून आल्फ्रेड मोलिना यांना लांब कोट आणि काळा चष्मा दिला गेला. पाठीवरचे चार धातूचे हात बऱ्याच प्रसंगांत संगणकाने काढलेले नसून कळसूत्री कलावंतांनी हलवलेले होते. मोलिना यांनी त्या चारही हातांना लॅरी, हॅरी, मो आणि फ्लो अशी नावं दिली होती. ते हात खांद्यावरून डोकावतात, कानाशी येऊन ऐकतात. खलनायकाच्या मनातलं द्वंद्व त्यामुळे डोळ्यांना दिसतं. दुसरं काम 'होमकमिंग'मधलं (२०१७) व्हल्चरचं. १९६३ च्या चित्रात तो हिरव्या अंगरख्यातला टकला म्हातारा होता. मायकेल कीटन यांचा टूम्स हा ठेका हातचा गेलेला कंत्राटदार आहे आणि गिधाडाच्या मानेवरची पिसं त्याच्या वैमानिकी जाकिटाची लोकरी कॉलर झाली आहेत. गाडीतल्या प्रसंगात तो आरशातून मागच्या पोराकडे पाहत असतो. हाच स्पायडर-मॅन, हे त्याला उमगतं, आणि सिग्नल बदलून त्याच्या चेहऱ्यावर हिरवा प्रकाश पडतो. मूळ पोशाखाचा रंग परत आला, तोही नेमक्या क्षणी आणि कापडाचा एक धागा न वापरता. या कलेत याहून नेटकं काम मला माहीत नाही.

काही पात्रांचं मूळ चित्रच दोषी असतं. तिथे नवं रूप देणं हे सौंदर्याइतकंच न्यायाचंही काम असतं. १९६४ चा मँडरिन हा पौर्वात्य माणसाविषयीच्या पाश्चात्त्य भीतीतून घडलेला: लांब नखं, लोंबत्या मिशा, दहा बोटांत दहा जादूच्या अंगठ्या. 'आयर्न मॅन ३'ने (२०१३) तो खलनायक म्हणजे एका भाड्याच्या नटाचं सोंग ठरवून त्या प्रतिमेची पोलच उघडी केली. पण पोल उघडल्यावर रिकामी जागा राहिली. ती 'शांग-ची'ने (२०२१) भरली. टोनी लिअंग यांचा वेनवू साध्या कपड्यांत येतो आणि अंगठ्यांच्या जागी मनगट ते कोपर लोखंडी कडी येतात, दक्षिण चिनी कुंग-फूच्या सरावात वापरतात तशी. दहा हा आकडा राहिला, शस्त्र मात्र एका जिवंत परंपरेतून आलं. हा खलनायक मृत पत्नीच्या शोकात बुडालेला नवरा आहे आणि लिअंग यांचे डोळे ते सगळं वाहून नेतात.

'ब्लॅक पँथर'मध्ये (२०१८) हेच काम आणखी अवघड होतं. १९६९ च्या कॉमिकमधला म्बाकू गोरिलाची कातडी पांघरून 'मॅन-एप' या नावाने वावरे. आफ्रिकी माणसाला असं दाखवणं आज कुणालाही सहन होऊ नये. वेशभूषाकार रूथ कार्टर आणि दिग्दर्शक रायन कूगलर यांनी नाव वगळलं, कातडी वगळली, गोरिला हे त्याच्या टोळीचं दैवत म्हणून ठेवलं आणि लाकडी चिलखतं, फर, गवताचे झुबके अशी डोंगरी जमातीची संपूर्ण वेशभूषा उभी केली. म्बाकू आपल्या देवाचा जयजयकार करताना हनुमानाचं नाव घेतो. भारतातल्या प्रदर्शनात सेन्सॉरने तो शब्द मूक केला होता. कार्टर यांना या चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं. याच चित्रपटातला किलमाँगर आपल्या अंगावरचे व्रण स्वतः कोरून घेतो, एकेका हत्येसाठी एकेक. आफ्रिकी समाजांत ओळख म्हणून शरीरावर जे चिन्ह येतं, ते इथे आपल्या मुळांपासून तुटलेल्या माणसाने हिंसेच्या हिशेबासाठी वापरलं आहे. पात्राची सगळी शोकांतिका त्याच्या छातीवर दिसते.

व्रणांचा विषय इथेच संपत नाही. वाईट माणूस म्हणजे विद्रूप माणूस हे समीकरण कॉमिकने जुन्या गोष्टींकडून घेतलं आणि सिनेमाने ते न तपासता पुढे चालवलं. २०१८ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने चेहऱ्यावरच्या व्रणांतून खलत्व दाखवणाऱ्या चित्रपटांना निधी देणार नाही, अशी भूमिका घेतली. मला ती योग्य वाटते. भाजलेला चेहरा किंवा फाटलेला ओठ घेऊन रोज लोकांत वावरणाऱ्या माणसाला पडद्यावर आपला चेहरा कायम खुन्याच्या धडावर दिसावा, ही छोटी गोष्ट नाही. लेजर यांचं काम मी मनापासून मोठं मानतो. तरीही त्या व्रणांशिवाय तो जोकर उभा राहिला नसता का, हा प्रश्न आता विचारायलाच हवा.

संगणकाने या कलेला नवं बळ दिलं. 'इन्फिनिटी वॉर'मधल्या (२०१८) थॅनोसची हनुवटी, जांभळी कातडी, अजस्र देह सगळं कॉमिकप्रमाणे आहे. पण जोश ब्रोलिन यांच्या चेहऱ्यावरचे ठिपके टिपून घेतल्यामुळे त्यांची थकलेली नजर जशीच्या तशी उतरली. सुरुवातीलाच तो चिलखत आणि शिरस्त्राण उतरवतो. चेहऱ्याला वाव देण्याचा हा शहाणपणाचा निर्णय. हेतूही बदलला. कॉमिकमधला थॅनोस मृत्यूदेवतेच्या प्रेमात पडून अर्धं विश्व संपवतो. चित्रपटातला थॅनोस साधनसंपत्ती पुरावी म्हणून ते करतो आणि स्वतःला दयाळू समजतो. आपल्या ओळखीच्या युक्तिवादातून आलेलं क्रौर्य अधिक भिववतं.

आज लंबक उलटा गेला आहे. चाहत्यांचा दबाव वाढला, स्टुडिओंनाही कॉमिकची लाज उरली नाही. २०२५ च्या 'फर्स्ट स्टेप्स'मध्ये राल्फ इनेसन यांचा गॅलॅक्टस कर्बी यांच्या शिरस्त्राणासह, खराखुरा पोशाख घालून आला. ढगाचं प्रायश्चित्त झालं आणि ते चांगलंही झालं. पण निष्ठा हे धोरण झालं की विचार थांबतो. पूर्वी लाजेपोटी रंग काढले जात, आता भीतीपोटी ते ठेवले जातात. दोन्ही वेळा 'हा रंग इथे कशासाठी' हे विचारायचं राहून जातं.

पुढची परीक्षा डॉक्टर डूमची आहे. १९६२ चा हा लॅटव्हेरियाचा सत्ताधीश पोलादी मुखवटा स्वतःच्या इच्छेने घालतो. तो त्याचा अहंकार आहे, त्याचं राज्यही आहे. २००५ आणि २०१५ च्या चित्रपटांनी अपघातात त्याचा देहच पोलादी किंवा धातूत वितळलेला दाखवला आणि त्याची इच्छा काढून घेतली, म्हणून दोन्ही डूम फिके पडले. २०२४ च्या जुलैमध्ये सॅन डिएगोतल्या कॉमिक संमेलनाच्या मंचावर रॉबर्ट डाउनी ज्युनियर यांनी मुखवटा काढून आपण डूम साकारणार असल्याचं जाहीर केलं. जगातला एक अतिपरिचित चेहरा पोलादाआड जाणार आहे. तो किती वेळ दिसतो याचा हिशेब स्टुडिओ मांडेल. प्रेक्षकांनी आणि समीक्षकांनी मागावं ते वेगळं: हा माणूस मुखवटा का घालतो, ते त्याच्या चालण्यातून, आवाजातून, मान वळवण्यातून आम्हाला कळू द्या. ते कळलं, तर तो पोशाख कॉमिकशी किती जुळतो याने काही फरक पडणार नाही.