शलमोनाचं सोनं आणि पाठीवरचं ओझं

शलमोन राजाचं वैभव म्हणजे देवाचा आशीर्वाद, असं प्रवचनकार सांगतात. म्हणून मी बायबलातलं ‘१ राजे’ हे पुस्तक मुद्दाम वाचलं. भक्त म्हणून नाही, हिशेब तपासायला बसलेला माणूस म्हणून.

हिशेब असा. वर्षाला ६६६ किक्कार सोनं. यरुशलेमात चांदीला दगडाची किंमत. वाड्याच्या रोजच्या जेवणाला ३० बैल, १०० मेंढरं. देवाचं मंदिर ७ वर्षांत उरकलं, राजाच्या वाड्याला मात्र १३ वर्षं लागली.

आता पान उलटा. ३०,००० माणसं वेठीला धरलेली. १०,००० ची एक पाळी, महिनाभर लबानोनात. ओझी वाहणारे ७०,०००. डोंगरात दगड फोडणारे ८०,०००. त्यांच्या डोक्यावर ३,३०० मुकादम. आकडे फुगवलेले असतील, असू द्यात. ज्यानं सोनं मोजलं त्यानंच पाठीही मोजल्या, हे ह्या ग्रंथाचं मोठेपण मी मानतो.

पण पुढं लिहिणारा कचरतो. पाचव्या अध्यायात वेठ साऱ्या इस्राएलावर आहे. नवव्यात तो म्हणतो, छे, इस्राएली माणसाला राजानं दास केलं नाही. राबले ते अमोरी, हित्ती, परिज्जी, हिव्वी, यबूसी ह्यांचे वंशज. म्हणजे वेठ वाईट नाही, फक्त ती ‘त्यांच्या’ पाठीवर पाहिजे! जन्मानं ठरलेली वेठ आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. १९२८ साली बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध मुंबई कायदेमंडळात बिल आणलं ते उगाच नाही.

मग ह्या वैभवाचा आध्यात्मिक अर्थ काय? तो एका हिब्रू शब्दात सापडतो. देव शलमोनाला न मागता धन आणि ‘काबोद’ देतो. काबोद म्हणजे प्रतिष्ठा, वैभव, मुळात वजन. आपणही बड्या असामीला वजनदार म्हणतोच की. शलमोन मेल्यावर लोक शखेमला जमतात आणि त्याच्या पोराला, रहबामाला, सांगतात : तुझ्या बापाचं जू ‘काबेद’ होतं, ते हलकं कर. काबोद, काबेद. धातू एकच. राजाच्या अंगावर ते वैभव, रयतेच्या मानेवर तेच ओझं. माझ्या मते सगळं भाष्य ह्या दोन शब्दांत आलं.

रहबाम उलट जू वाढवायची धमकी देतो. लोक वेठीवरच्या अदोराम नावाच्या अधिकाऱ्याला दगडांनी ठेचतात. राज्य फुटतं.

इथं टाळ्या वाजवून पुस्तक मिटू नका, मित्रांनो. बंडवाल्यांनी राजा केला यराबामाला. हा कोण? शलमोनाच्याच वेठीवरचा जुना मुकादम. गादीवर बसल्यावर त्यानं काय केलं? सोन्याची दोन वासरं घडवली, एक बेथेलात ठेवलं, एक दानात, आणि लोकांना म्हणाला, हेच तुमचे देव.

‘अनुवाद’ ह्या पुस्तकात राजासाठी नियम आहे : सोनंरुपं फार साठवू नये, मन आपल्या भावांपेक्षा वर चढू देऊ नये. नियम होता. पाळायला लावणारं कुणी नव्हतं.

आपल्यातला कुणी वजनदार व्हायला लागला की त्याच्या गळ्यात हार घालायच्या आधी बघा, ते वजन तोललंय कुणाच्या पाठीनं.