मुंबईची जुनी टपालकार्डे आणि त्यांवरील मजकूर

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मुंबईची सचित्र टपालकार्डे आता संग्राहकांच्या कौतुकाचा विषय झाली आहेत. ओमर खान यांच्या २०१८ मधील ‘पेपर ज्युएल्स’ या ग्रंथाने त्या कौतुकाला अभ्यासाची जोड दिली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तथापि आपल्याकडील चर्चा बहुधा चित्रापाशीच थांबते. कार्ड उलटून पाहण्याची तसदी क्वचितच घेतली जाते.

चित्रे गुणवान आहेत, यात वाद नाही. नव्या दिल्लीच्या सचिवालयातील भित्तिचित्रांमुळे ज्यांचे नाव येथील मराठी मंडळींना परके नसावे, त्या महादेव विश्वनाथ धुरंधरांनी (१८६७–१९४४) मुंबईतील नित्याची माणसे या कार्डांवर उतरविली. त्यांच्या मोलकरणीचेच उदाहरण घ्या. चित्रकाराने तिला ठसका दिला. इंग्रजी मथळ्याने तिला ‘नखरेल’ ठरविले. अशी कार्डे साहेब मंडळी बोटीने मायदेशी धाडीत, आणि मजकूर बहुधा सुखरूप पोहोचल्याचा नि उकाड्याचा. चित्रातल्या माणसाचा त्या मजकुराशी काडीइतकाही संबंध नसे.

त्या माणसांचे कार्ड निराळेच होते. १ जुलै १८७९ रोजी सरकारने काढलेले पाव आण्याचे ते साधे कार्ड. त्याला चित्र नाही, म्हणून त्याला संग्राहकही नाही! माझ्या मते मुंबईचे खरे गद्य मात्र याच कार्डावर आहे.

त्याची बंधने ध्यानात घ्यावीत. जागा तळहाताएवढी; म्हणून ‘सा. न. वि. वि.’ आणि ‘अ. उ. आ.’ अशी आद्याक्षरे. शिवाय कार्ड उघडे. लिहिणारा कित्येकदा टपाल कचेरीबाहेरचा भाडोत्री लेखनिक, आणि कोकणातल्या घरी ते वाचून दाखविणार पोस्टमन किंवा मास्तर. दोघा परक्यांच्या तोंडून जाणाऱ्या मजकुरात नवराबायकोने एकमेकांस काय सांगावे? ‘मुले फार आठवण काढतात’ असे बाईने लिहविले, तर आठवण कोणाची हे गिरणगावातल्या खोलीत बरोबर कळे. ‘प्रकृती मध्यम आहे’ हे वाचून रजेचा अर्ज करावा लागे. ठरीव वाक्यांना साचेबंद म्हणून नाक मुरडणाऱ्या टीकाकारांनी हे पाहिलेले नाही. साच्याच्या आडोशानेच येथे मनातले बोलले जाते. मनिऑर्डरीच्या कूपनावरील दोन ओळींनाही हेच लागू आहे.

एक उणीव मात्र भरून निघणारी नाही. मंगलपत्राला कुंकू लावून ते जपावयाचे आणि अशुभ वार्तेचे कार्ड वाचताच फाडून टाकावयाचे, ही आपली रीत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला. त्या काळात अशी किती कार्डे गावोगाव गेली असतील! ती घरात टिकूच नयेत, अशी व्यवस्था आपणच करून ठेवली होती. त्यामुळे जुन्या घरांतून जे हाती येते त्यात बारशी, मुंजी, आंब्याच्या पेट्या आणि भाड्याचे तगादे फार. मृत्यू जवळजवळ नाही. एवढ्यावरून त्या पिढीला सुखी समजणे चुकीचे ठरेल.

बदलीच्या नोकरीत सामान दर वेळी हलके केले जाते, आणि पहिला बळी अशा कागदांचाच. ज्यांच्या ट्रंकेत आजोबांच्या वेळची तारेला टोचलेली कार्डे अद्याप असतील, त्यांनी ती रद्दीत देण्यापूर्वी एकदा टपालाच्या शिक्क्यांच्या क्रमाने लावून वाचावीत. शिक्के पुसट असतात. पण भिंग धरले की गाव आणि तारीख बहुधा लागते.